शेजारणीची उजवी बाजू

हंगामातला पहिला प्राणी मीच असतो. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा झाडाच्या बुंध्याला बांधून झाला, पट्टा आवळून झाला, की कुणीतरी एकाने त्याच्यासमोरून चार पायांवर चालत जायचं, अशी आमच्या गटाची रीत आहे. बिबट्याचा खांदा माणसाच्या गुडघ्याहून थोडाच वर येतो. उभ्याने चालून कॅमेऱ्याची उंची बरोबर साधली आहे की नाही ते कळत नाही. म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरीची सगळी वर्षं काढलेला, पन्नाशी ओलांडलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला मी सागाच्या वाळक्या पानांवर तळवे आणि गुडघे टेकतो, मान खाली घालतो आणि रांगत पुढे जातो. पानं कुरकुरतात. करवंदीचा काटा बाहीत अडकतो. सुकलेल्या कारवीचा कडवट वास थेट नाकात शिरतो, कारण नाक जमिनीपासून इतकं जवळ एरवी कधी नसतंच. भिंगाखालचा तांबडा दिवा लुकलुकला की मृण्मयी म्हणते, "दिसलात काका. आता जरा शेपटी उचलून चाला."

यंदाही ती तसंच म्हणाली. मला हसू आलं नाही. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने पुढचा पट्टा आवळताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दिवाळी सरली, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीमागचा डोंगर हिरव्याचा पिवळा व्हायला लागला, ओढ्याचा आवाज कमी होत होत थांबला, की हा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात कॅमेरे टिकत नाहीत. उरलेल्या कोरड्या महिन्यांत ते जनावरांच्या वाटांवर बांधायचे, पंधरा दिवसांनी कार्डं काढून आणायची, कुठलं जनावर कुठून कुठे जातं ते पाहायचं. म्हणजे निदान त्या वाटा तरी कुणी नकळत बुजवू नयेत. मृण्मयी प्राण्यांची अभ्यासक आहे, वनखात्याच्या परवानगीने ती हे काम करते. वयाने माझ्या मुलीहून थोडी मोठी. आम्ही चार-सहा जण तिचे रविवारचे स्वयंसेवक.

कॅमेरे बांधल्यापासून पहिलं कार्ड हाती येईपर्यंतचे दिवस माझ्याने निभत नाहीत. कारखान्यात सुटे भाग मोजपट्टीवर धरताना हात थांबतो. घरी पेपर उघडतो आणि तीच ओळ पुन्हा वाचतो. गॅलरीत जातो, डोंगराकडे बघतो, आत येतो. परवा संध्या, माझी पत्नी, शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, बसा की जरा. खुर्चीत काटे आहेत का? बाळंतपणाच्या खोलीबाहेर फिरल्यासारखे फिरताय."

तिच्या तोंडून तो शब्द सहज गेला. मग ती स्वतःच थबकली आणि भाजी चिरू लागली.

गेल्या वर्षीचा हंगाम आमच्या घरात असा अधूनमधून, कुणी न बोलावता येतो.

त्याही वर्षी डोंगर असाच पिवळा झाला होता. फक्त आमच्याजवळ कॅमेरे कमी होते. एरवी प्रत्येक वाटेवर दोन कॅमेरे समोरासमोर लावतात, आणि त्याला कारण आहे. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. पण निसर्गाने त्यात आणखी एक गोष्ट करून ठेवली आहे. एकाच बिबट्याची डावी बाजूही त्याच्या उजव्या बाजूशी जुळत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी टिपल्या गेल्या तरच हे जनावर म्हणजे हेच, असं म्हणता येतं. त्या वर्षी पाणी शिरून काही कॅमेरे निकामी झाले होते, आणि दोन जागांवर आम्ही एकेकच कॅमेरा लावून वेळ निभावून नेली. एक सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळ, ओढ्याच्या मोरीपाशी. दुसरा वर, डोंगराच्या धारेवर.

मोरीबद्दल सांगायला हवं. डोंगरावरून उतरणारा ओढा आमच्या मागच्या भिंतीखालच्या चौकोनी मोरीतून आत येतो, आवाराच्या कडेकडेने, जिथे कुणी फिरकत नाही अशा खाचेतून जातो, आणि पलीकडच्या भिंतीखालून बाहेर पडतो. तिथे एक बांधकाम कित्येक वर्षं अर्धवट पडून आहे. नुसते खांब आणि छत. आत एरंड, रानमोडी, पावसाचं साचलेलं पाणी, डुकरं, कुत्री. या वाटेने एक मादी जाते हे आम्हांला कॅमेऱ्यामुळे कळलं. अंधार पडला की ती मोरीतून आत शिरायची. परतायची कुठून, ते कधीच कळलं नाही. त्यामुळे तिची आमच्याकडे होती ती नेहमी डावी बाजू. संध्याने तिचं नाव ठेवलं शेजारीण. "आपल्या मजल्यावरचे लोक वर्षात एकदा भेटत नाहीत," ती म्हणायची, "ही बिचारी रोज जाताना दिसते तरी."

कार्ड उघडणं हा तेव्हा आमच्या घरातला सोहळा होता. जेवणाच्या टेबलावर संगणक, शेजारी पोह्यांची ताटली, आणि पडद्यावर एकामागून एक फोटो: हललेलं गवत, पुन्हा हललेलं गवत, काटे फुलवून लगबगीने निघालेलं साळिंदर, डोळे चकाकणारं उदमांजर, भिंगाला नाक लावून पाहणारं रानडुकराचं पिल्लू, पुन्हा गवत. मग अचानक, चौकट भरून, ती. करड्या उजेडात अंगावरच्या ठिपक्यांची ती रांग पाहिली की दोघंही खाता खाता थांबत असू. वर डोंगराच्या धारेवर मात्र पहाटेच्या वेळी जी मादी दिसायची, तिची यायची फक्त उजवी बाजू. अंगलट तीच, चाल तीच, आणि दिवसही बरेचदा तेच: संध्याकाळी मोरीपाशी, पहाटे धारेवर. ही तीच असणार. मृण्मयी म्हणायची, "बहुधा तीच." आम्हीही म्हणायचो, बहुधा तीच. पुढे पुढे बोलण्यातून तो 'बहुधा' केव्हा गळून पडला ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. दोन अर्धे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की मन त्यांना आपोआप चिकटवून टाकतं.

मी लहान असताना ठाकुर्लीला आमच्या चाळीमागे हिवाळ्याच्या संध्याकाळी खाडीकडून कोल्हे ओरडायचे. आई म्हणायची, दहा तरी असतील. वडील म्हणायचे, दोनच असतील, दोघांनी दहांचा गलका केला असेल. ते कोल्हे आम्ही कधी पाहिले नाहीत. तसे वडील तरी मी कुठे पाहिले? त्यांची नोकरी पाळीची. मी शाळेतून यायचो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे, आणि मी झोपेत असताना केव्हातरी त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा. ती पाठ आणि तो आवाज मी एकमेकांना जोडले आणि त्या जोडणीला वडील म्हटलं. ते गेल्यावर त्यांचे एक मित्र भेटायला आले आणि सांगू लागले की तुझा बाप पाळीवर सगळ्यांना नकला करून हसवायचा. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत आहेत असं मला वाटत होतं.

माघ संपता संपता एका सकाळी रस्त्यावर एक बिबट्या मेलेला आढळला. पहाटे कुठल्याशा वाहनाची धडक बसली होती. वनखात्याची माणसं येण्याआधीच कुणीतरी काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. डाव्या कुशीवर पडलेली, पाय लांबवलेली मादी. मी दात घासत होतो. बेल वाजली. दारात म्हात्रेशेठ, आमचे चेअरमन. ज्या जमिनीवर या इमारती उभ्या आहेत ती एके काळी त्यांच्याच कुटुंबाची शेती होती; आता ते सातव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टपेक्षा जिना पसंत करतात.

"जाधव," ते धापा टाकत म्हणाले, "ही तुमची शेजारीन का?"

मृण्मयी त्या आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेली होती. मी तिला फोन केला असता तर तिने उचलला असता. मी केला नाही. संगणक उघडला, धारेवरच्या मादीची उजवी बाजू काढली आणि मोबाइलमधला फोटो शेजारी धरला. खांद्यामागे तीन ठिपके फुटक्या बांगडीसारखे वळलेले होते. दोन्हीकडे तसेच. कारखान्यात आयुष्यभर हेच केलं होतं: नमुना डाव्या हातात, वस्तू उजव्या हातात, जुळतं की नाही. जुळत होतं. त्यात तसूभर चूक नव्हती.

"हो," मी म्हणालो. "तीच."

घरी लहानपणापासून पंचशील म्हणत आलोय. खोटं न बोलण्याचं शील त्यात चौथं. त्या सकाळी मी खोटं बोललो का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. मला जे खरं वाटत होतं तेच मी बोललो. पण 'वाटतं' हा शब्द मात्र मी गिळला होता, आणि तो का गिळला हेही मला ठाऊक आहे. दारात एक माणूस माझं मत विचारायला सात मजले चढून-उतरून आला होता, आणि ज्याला उत्तर माहीत आहे असा माणूस होण्याचा मोह मला त्या क्षणी आवरला नाही.

ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणांचा पाऊस पडला. कुणी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली. त्याखाली लगेच एकाने 'बी विंगची लिफ्ट पुन्हा बंद, कृपया लक्ष द्यावे' असं लिहिलं, आणि त्याखाली आणखी चार जणांनी हात जोडले. ते लिफ्टसाठी की बिबट्यासाठी, ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी म्हात्रेशेठनी मला खाली बाकावर गाठलं.

"मलाबी वाईट वाटलं जाधव. खोटं नाय सांगत. माझ्या आज्याच्या गोठ्यातनं वासरू न्यायची ही जात, तरी आमी कदी मारली नाय." थोडं थांबून ते म्हणाले, "पन आता सांगा. मोरीला जाळी बसवायची म्हनून मी किती वर्सं बोंबलतोय. साप येतात, डुकरं येतात. तुमी दर मीटिंगला आडवे. काय तर म्हने, मोरी हाय म्हनून ती गुपचूप जाते, बंद केली तर भिंतीवरनं येईल, पोरांच्या मधनं जाईल. बरं, ऐकलं तुमचं. आता तर ती गेली. आता काय अडचन?"

तिच्या मरणाची ग्वाही मीच दिली होती.

गुरुवारी दुपारी जाळी बसली. जाड लोखंडी, चारी बाजूंनी बोल्ट मारलेली. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. म्हात्रेशेठनी हाक मारली, "जाधव, तुमी तपासनीस ना? बघा जरा, माल नीट बसवलाय का." मी वाकून एकेक बोल्ट हाताने चाचपला. खालचा एक सैल लागला. तो मी कामगाराकडून माझ्यासमोर पुन्हा आवळून घेतला.

मृण्मयी रविवारी परत आली. ओढ्याकडे जाताना मी तिला सगळं सांगितलं. सांगताना माझा सूर एखाद्या घरच्या माणसाच्या आजारपणाची हकिकत सांगावी तसा होता. ती ऐकत चालली होती. मोरीची जाळी दिसली तशी ती उभी राहिली.

"तीच आहे हे कुणी सांगितलं, काका?"

"मी. उजवी बाजू तंतोतंत जुळली."

"धारेवरच्या मादीशी."

"हो."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, रुमालात गुंडाळलं आणि म्हणाली, "घरी जाऊन बघू या."

तो रविवार मला आजही फोटोंच्या क्रमानेच आठवतो. मृण्मयीने थेट गुरुवार काढला. आधी कामगारांचे पाय. मग एक हात, मनगटावर घड्याळ, बोल्ट चाचपणारा; तो माझा. मग रिकामी मोरी, तिच्यावर जाळीच्या चौकडीची सावली. आणि त्याच गुरुवारच्या संध्याकाळी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिशेने उतरणारी, डावी बाजू कॅमेऱ्याकडे असलेली शेजारीण.

संध्याने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे ही जिवंत आहे?"

मेलेली ती धारेवरची मादी होती. ती आणि ही कधीच एक नव्हत्या. माझी जुळणी बरोबर होती. ज्या सांध्यावर ती उभी होती तो सांधाच खोटा होता.

पुढच्या फोटोत शेजारीण जाळीला नाक लावून उभी होती. त्याच्या पुढच्यात बसलेली. मग ती वळून परत निघाली, आणि त्या हंगामात पहिल्यांदाच तिची उजवी बाजू आमच्यासमोर आली. खांद्यामागे फुटकी बांगडी नव्हती. तिथे ठिपक्यांची एक लांबट माळ होती, सुंदर, पोटाकडे उतरत गेलेली. इतके दिवस जी बाजू पाहायला आम्ही धडपडत होतो ती दिसली, कारण आम्ही तिची वाट अडवली होती. शुक्रवारी ती पुन्हा आली. शनिवारीही आली, आणि त्या वेळी जाळीसमोर आडवी झाली, पाय पसरून, एखादी गाय गोठ्यात बसते तशी.

संध्या चहाचे कप घेऊन आली होती. ते तिने खाली ठेवले नाहीत. वाकून पडद्याकडे पाहत ती म्हणाली, "अहो, ही बाळंतीण आहे."

मृण्मयीने फोटो मोठा केला. पोटाकडची कातडी ताणलेली होती, आचळं भरून आली होती. खालून मुलांच्या क्रिकेटचा आरडाओरडा येत होता. पिल्लू पलीकडे होतं, त्या अर्धवट खांबांत कुठेतरी, एरंडाच्या आडोशाला. आणि गुरुवारपासून आई अलीकडे होती. भिंतीच्या माथ्यावर काटेरी तारेची वेटोळी आहेत. आवारात दिवे आहेत, माणसं आहेत. तिची पिल्लाकडे जायची रोजची वाट मी हाताने चाचपून, पक्की करून बंद केली होती.

मृण्मयीने वनखात्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की आमची माणसं संध्याकाळपर्यंत पोहोचतील. तोवर कुणीही त्या बांधकामात शिरू नका, आणि वाट मोकळी करता येत असेल तर करा. मी म्हात्रेशेठच्या घरी गेलो. ते जेवत होते. पानात बोंबील होते.

"या जाधव, बसा. सुके खाता ना?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. डावी बाजू, उजवी बाजू, दोन माद्या, जाळी, पिल्लू. ते घास हातात धरून ऐकत होते.

"थांबा," ते म्हणाले. "त्या दिशी तुमीच म्हनालात ना, तीच म्हनून?"

"हो."

"आज म्हनता ती जिवंत हाय. उद्या आनि काय म्हनाल?"

"ते मला माहीत नाही."

"पिल्लू तिकडं हाय हे तरी कोनी बघितलं का?"

"नाही."

"म्हंजे हेबी अंदाजच." त्यांनी घास पुन्हा पानात ठेवला. "जाधव, माझी नात खाली खेळते. जाळी लावल्यापासनं माझी सून पयल्यांदा तिला एकटी सोडते. मी काय सांगू तिला? की जाधवांचा हिशोब चुकला?"

"सांगा," मी म्हणालो. "तसंच सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. त्या दाराआड उभं राहून सगळं ऐकत असाव्यात. "आई इकडं नि पोर तिकडं, आनि तुमी काय बोंबलाचे काटे काढीत बसलाव? उठा!"

म्हात्रेशेठ उठले. हात धुतले. रविवारी कुणी कारागीर मिळाला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतला पाना काढला आणि आम्ही दोघं उतरत्या उन्हात मोरीपाशी वाकलो. बाकीचे बोल्ट निघाले. खालचा एक निघेना.

"हा कोनी आवळला एवढा?" ते कपाळ पुसत म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "घ्या. तुमीच काढा."

ग्रुपवर त्या संध्याकाळी बरंच काही आलं. मागची बाजू काही दिवस बंद, मुलांना खाली पाठवू नये, या सूचनेखाली कुणीतरी लिहिलं, 'जाधव काकांचा बिबट्या मेलाय की जिवंत आहे ते एकदा फायनल करा.' त्यावर हसण्याच्या खुणा. मी माझ्या चुकीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. त्यावर कुणाचं काही आलं नाही.

अंधार पडायच्या सुमाराला शेजारीण मोरीतून आत गेली. डावी बाजू, पोट जमिनीला टेकलेलं, चाल इतकी वेगाची की चित्र फरफटलं आहे. त्यानंतर तिचा एकही फोटो नाही. त्या हंगामात ती मोरीवर पुन्हा आलीच नाही. आठवड्याभराने मृण्मयी वनखात्याच्या माणसांबरोबर बांधकामात जाऊन आली. एका खांबाच्या मागे गवत दबलेलं होतं, चार केस होते. हाडं नव्हती, रक्त नव्हतं. तिने पिल्लू तोंडात धरून आम्हांला ठाऊक नसलेल्या कुठल्याशा वाटेने वर नेलं असेल. किंवा गुरुवार ते रविवारच्या दरम्यान कुत्र्यांनी त्याचा माग काढला असेल आणि तिला ते सापडलंच नसेल. मृण्मयीने दोन्ही शक्यता सारख्याच आवाजात सांगितल्या. ती दया दाखवत नाही, आणि मला तिची दया नकोही होती.

मग पावसाळा आला. कॅमेरे नव्हते, त्यामुळे करण्यासारखंही काही नव्हतं. कारखान्यात ज्या वस्तूबद्दल खात्री नसते तिला आम्ही पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो. ना मंजूर, ना रद्द. इतक्या वर्षांत मी अशा किती चिठ्ठ्या लावल्या असतील. त्या बाजूला ठेवलेल्या वस्तूंचा मला कधी त्रास झाला नव्हता. या पावसाळ्यात मी घरातल्या घरात फिरत होतो, उगाच खिडक्या लावत आणि उघडत होतो, आणि एक इवलंसं जनावर माझ्या मनात कधी जगत होतं, कधी मरत होतं. कारखान्यातून येताना घोडबंदर रोडच्या रांगेत बस अडकून पडली की मी डाव्या हाताच्या त्या खांबांकडे पाहायचो. रानमोडी छतापर्यंत चढली होती. प्रायश्चित्त घ्यायचं तर ते कुणापुढे घ्यायचं हेही मला समजत नव्हतं. माणसापुढे चूक कबूल करता येते. तो रागावतो, नाहीतर क्षमा करतो. हिने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. तिच्या लेखी मी नव्हतोच. होती ती फक्त एक जाळी, एके दिवशी उगवलेली आणि एके दिवशी नाहीशी झालेली.

जाळी म्हात्रेशेठनी पुन्हा बसवली नाही. वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "राहू दे. साप काय, जिन्यानंबी येतात." सून त्यांच्याशी काही दिवस बोलत नव्हती असं ऐकलं. तो भारही माझ्याच नावावर आहे.

आज पहिलं कार्ड आलं.

मृण्मयी टेबलाशी बसली होती, संध्या तिच्या खुर्चीमागे. म्हात्रेशेठ बोलावलं नसताना आले होते आणि दारातच उभे होते, चप्पल काढावी की नाही अशा विचारात. गवत, ससा, गवत, रानमांजर, गवत. आणि मग मोरीच्या तोंडाशी एक तरुण बिबट्या. लांब पाय, सडसडीत अंग, डोकं अंगाच्या मानाने किंचित मोठं, जसं वाढत्या वयात असतं. डावी बाजू. एकटाच. निदान चौकटीत तरी दुसरं कुणी नव्हतं.

"साधारण वर्षाचा असेल," मृण्मयी म्हणाली. "थोडा कमीच."

मी टेबलाची कड धरली.

"अहो, तिचंच आहे हे!" संध्या म्हणाली. "वय बघा, वाट बघा. दुसऱ्या कुणाचं पोर या मोरीवर कशाला येईल? आईनेच दाखवली असणार ना वाट."

"पिल्लू वाचलं का जाधव?" म्हात्रेशेठ आत आले होते, चपलांसकट. "सांगा ना हो. माझ्या सुनेला सांगतो. ग्रुपवर टाकतो."

पिल्लाचा एकही फोटो आमच्यापाशी नाही. कधीच नव्हता. शेजारीण यंदा अजून दिसलेली नाही. या कोवळ्या जनावराच्या अंगावरचे ठिपके त्याचे स्वतःचे आहेत. ते आईकडून येत नाहीत, आणि आई कोण ते सांगत नाहीत. पडद्यावर फोटोखालची जागा कोरी होती. तिथे काहीतरी लिहायचं होतं, आणि जे लिहिलं असतं ते तिघांनीही मानलं असतं. मृण्मयी माझ्याकडे वळून पाहत होती. तिला काय लिहायचं ते पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने हात थांबवून ठेवला होता.

"नवीन," मी म्हणालो. "नवीन म्हणून लिही."

तिने लिहिलं. म्हात्रेशेठ फोटोकडे बघत राहिले. संध्या माझ्या जवळ आली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "तुम्हाला नाही वाटत, तिचं असेल असं?"

"वाटतं," मी म्हणालो. "फार वाटतं. म्हणून तर."